आकडे बाईच्या अंगावर लिहिलेत

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले की, जननदर २.१ च्या खाली गेला की समाज नष्ट होतो, म्हणून घरात किमान तीन मुलं हवीत. त्याच्या महिना-दीड महिना आधी आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनीही जास्त मुलांची भाषा केली होती. एकाला समाजाची काळजी, दुसऱ्याला म्हाताऱ्या होत चाललेल्या राज्याची, तिसऱ्याला लोकसभेतल्या जागांची. विचार वेगळे, पक्ष वेगळे, कारणंही वेगळी. पण जिच्या पोटी हे मूल वाढायचं आहे तिला विचारावं, असं तिघांपैकी कुणाच्याही बोलण्यात आलं नाही.

मी आरोग्य खात्याच्या सांख्यिकी शाखेत उभी हयात नोकरी केली. जन्म, मृत्यू, प्रसूती, शस्त्रक्रिया यांचे तक्ते भरले, तपासले आणि वर पाठवले. त्या अधिकाराने सांगते, की लोकसंख्येच्या नावाखाली आपण जे आकडे मिरवतो किंवा ज्यांची भीती घालतो, त्यांतला बहुतेक प्रत्येक आकडा बाईच्या शरीरातून आलेला असतो. कमी मुलं झाली तर तिच्या शरीरातून. मुली कमी झाल्या तरी तिच्याच. आता वाढवायची ठरवलीत तर तीही तिच्याच शरीरातून. या राज्यातले पुढारी, धर्मधुरीण आणि अर्थतज्ज्ञ तक्त्याच्या शेवटच्या ओळीतली सरासरी तेवढी उचलतात आणि भाषण ठोकतात, याचा मला संताप आहे.

महाराष्ट्राचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १.७ होता. देशाचा २.०. हा दर खाली कसा आला? त्याच सर्वेक्षणात उत्तर आहे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ४९.१ टक्के बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.४ टक्के आहे. शंभर जोडप्यांत एकोणपन्नास बायका टेबलावर झोपल्या आणि पुरुष एकही पुरा भरत नाही. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून कितीतरी सोपी, कमी धोक्याची आणि काही मिनिटांत उरकणारी. हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ठाऊक आहे, प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे. तरी शिबिराच्या दिवशी रांगेत बायकाच असतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा पंचविशीच्या आसपासच्या असतात.

हे नेहमीच असं नव्हतं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. सक्तीने झाल्या, पोलीस लावून झाल्या, त्याचा निषेधच केला पाहिजे. पण त्या सक्तीची शिक्षा कुणी भोगली? सरकार पडलं, पुरुष बिथरले, आणि कुटुंबनियोजनाचा सगळा भार गुपचूप बाईकडे सरकवला गेला. पुरुषाला हात लावला तर मतं जातात हे राज्यकर्ते शिकले. बाईला हात लावला तर काही होत नाही, हेही शिकले.

आपल्या महाराष्ट्राचं या बाबतीतलं रेकॉर्ड तर वाचण्यासारखं आहे. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलं झालेल्या जोडप्यांवर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पुढे १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनाहून अधिक अपत्यं झालेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवलं गेलं. २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचे नियम आले. तिसऱ्या मुलावर नसबंदी, मग तिसऱ्या मुलावर अपात्रता, आणि आता तिसऱ्या मुलाचं आवाहन. पन्नास वर्षांत हुकूम उलटा झाला. हुकूम सोडणारे पुरुष आणि तो अंगावर घेणाऱ्या बायका, ही वाटणी मात्र तशीच राहिली.

आणि याच मातीत र. धों. कर्वे होऊन गेले. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. याच मातीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. कर्व्यांना आणि आंबेडकरांना बाईचा देह, तिचं दुखणं आणि तिची इच्छा दिसत होती. देशाची लोकसंख्या त्यांनाही कळत होती, पण तिची सुरुवात एका बाईच्या बाळंतपणापासून होते हे ते विसरले नाहीत.

आता बीडकडे चला. तिथे हे सगळे आकडे एका जागी येऊन बसतात.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, त्या ८९४ होत्या. एका दशकात ८७ मुली कमी. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. शेजारच्या परभणीत ४८ टक्के. राज्याची सरासरी २१.९ टक्के. आणि २०१९ मध्ये, गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजल्यावर नेमलेल्या समितीसमोर जी माहिती आली, तिच्यात बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सहा बायकांत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

तीन वेगवेगळे तक्ते, तीन वेगवेगळी खाती. लिंग गुणोत्तर आरोग्य खात्याचं, बालविवाह महिला व बालविकासचा, ऊसतोड कामगार सामाजिक न्यायचे. प्रत्येक खातं आपापली बैठक घेतं, आपापलं पोस्टर छापतं. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाची वही मात्र एकच आहे, आणि हे तिन्ही आकडे त्या वहीतून निघतात.

दसऱ्या-दिवाळीच्या आगेमागे मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो. उचल मिळते कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात आणि उचलही अर्धी. मग घरात सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असेल तर त्याला बायको आणणं हा त्या घराचा व्यवहार होतो. पलीकडे, आई-बाप सहा महिने फडावर जाणार आणि मुलगी वयात आलेली. तिला गावात म्हातारीजवळ ठेवायची भीती, फडावरच्या उघड्या कोपीत न्यायची त्याहून भीती. शाळा आठवीनंतर लांबची. तिचं लग्न लावून दिलं जातं. हे अज्ञानातून होत नाही. बालविवाह गुन्हा आहे हे त्या आईला माहीत असतं. तिला आणखीही काही माहीत असतं, जे पोस्टर छापणाऱ्यांना माहीत नाही.

मग ती पोरगी फडात उतरते. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठायचं. मोरी नाही, संडास नाही, पाणी शेतातल्या पाटाचं. पाळीचे कपडे धुवायला जागा नाही, वाळवायला तर नाहीच. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे दोघांच्या हिशेबातून कापले जातात. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळी जास्त जाणं सुरू होतं. हंगाम संपल्यावर ती गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. दोन-तीन लेकरं झालीत ना, मग पिशवीचं काय काम, असं सांगितलं जातं. औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असताना तिची पिशवी काढली जाते. पैसे कुठून येतात? पुढच्या वर्षीच्या उचलीतून. म्हणजे गर्भाशय काढण्यासाठी घेतलेलं कर्ज फेडायला तिला पुन्हा फडातच उतरावं लागतं, आता कंबरदुखी, सांधेदुखी आणि अकाली म्हातारपण घेऊन.

तिशी-पस्तिशीतली बाई. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणं, नंतर नसबंदी, त्यानंतर पिशवी. वीस वर्षांत तिच्या शरीराचं एक एक काम उरकून घेतलं गेलं. राज्याच्या १.७ या जननदरात तीही आहे. तो आकडा प्रगतीचं लक्षण म्हणून सांगणाऱ्यांनी आणि ऱ्हासाचं लक्षण म्हणून सांगणाऱ्यांनीही तिच्याकडे एकदा बघावं.

मुलगी नको असणं हा दारिद्र्याचा रोग आहे, असं समजणाऱ्यांसाठी थोडं. बीडची टोळी ज्या पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाते, तिथले आकडे आधी बिघडले होते. २००१ मध्ये कोल्हापुरात हजारी ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. पाणी, साखर, दूध, सहकार, शाळा, दवाखाने, सगळं असलेले जिल्हे. सोनोग्राफी यंत्र आधी तिथेच पोहोचलं, कारण पैसा तिथे होता. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा सगळं राज्य हादरल्यासारखं बोलत होतं. दहा-पंधरा वर्षांच्या तक्त्यांत ते उघड लिहिलेलं होतं. कोल्हापूरने यंत्रांवर देखरेख बसवली, प्रशासनाने मनावर घेतलं, आणि २०११ पर्यंत तिथला आकडा ८६३ वर आला. बीडचा त्याच काळात कोसळला. प्रशासनाला जमत नाही असं काही नसतं. त्याला करायचं असावं लागतं.

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. आपण सहा वर्षं पुढे होतो, याचा अभिमान मी कितीतरी व्यासपीठांवर ऐकला. त्यानंतरचे आकडे सांगते. शून्य ते सहा वयोगटात राज्यात १९९१ मध्ये हजारी ९४६ मुली, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. कायदा आल्यावर वीस वर्षं सलग घसरण.

पण २०२१ च्या नोव्हेंबरात पाचव्या फेरीचे आकडे आले आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले की देशात आता हजार पुरुषांमागे १०२० बायका आहेत. मंत्रालयानेही पाठ थोपटून घेतली. मला तो दिवस आठवला की आजही राग येतो. हे सर्वेक्षण घरात त्या वेळी असलेली माणसं मोजतं. रोजगारासाठी बाहेर गेलेले पुरुष त्यात सुटतात, आणि म्हाताऱ्या बायका म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा जास्त जगतात. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. तिथे बाप्ये मुंबईला गेले म्हणून, एवढं सरळ कारण होतं. कोकणातल्या कुठल्याही घरी विचारा. जन्मलेल्या मुलींचा आकडा त्याच सर्वेक्षणात वेगळा छापलेला होता. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या हजार मुलग्यांमागे देशात ९२९ मुली, महाराष्ट्रात ९१३. चौथ्या फेरीत महाराष्ट्रात ९२४ होत्या. म्हणजे मथळ्यात बायका वाढल्या आणि महाराष्ट्रातल्या पाळण्यात मुली कमी झाल्या, त्याच सर्वेक्षणात.

दुसरा एक आकडा मथळ्यात आलाच नाही. महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. चौथ्या फेरीत ते ५३.८ टक्के होते. बायकांत ४८ वरून ५४.२ टक्के. आणि राज्यातलं हे काम टाळेबंदीच्या आधी उरकलेलं होतं, म्हणून सगळं खापर कोरोनावर फोडता येत नाही. बोट टोचून घेतलेल्या रक्ताच्या मोजणीवर काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, ते मला ठाऊक आहेत, आणि मोजणी सुधारायलाच हवी. पण दोन्ही फेऱ्यांची पद्धत जवळपास तीच असताना पंधरा टक्केबिंदूंची वाढ आक्षेपांनी पुसून जात नाही. सरकारने काय केलं? सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणीच वगळली.

जे मोजल्यावर लाज वाटते ते मोजायचंच नाही किंवा वेगळ्या खान्यात टाकायचं, ही खोड जुनी आहे. शेतकरी आत्महत्यांचं बघा. २०२२ मध्ये शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी देशात आत्महत्या केल्या, त्यांतली ४,२४८ महाराष्ट्रातली. आपल्या जिल्हा समित्या अशा प्रत्येक मरणाची कागदपत्रं तपासतात आणि ते सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरवतात. सातबारा नावावर नाही, बँकेचं कर्ज नाही, सावकाराचं आहे पण पुरावा नाही, अपात्र. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा बहुधा नसतोच. ती मेली तर गृहिणी म्हणून लिहिली जाते, आणि नवरा मेला तर मदतीच्या एक लाखासाठी तिला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता जनगणना. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता झालेली, दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्येही पार पडलेली गणना २०२१ मध्ये झाली नाही. कोरोना हे कारण पहिल्या वर्षापुरतं मान्य. त्यानंतर निवडणुका झाल्या, मेळे झाले, सभा झाल्या. गणना होत नव्हती. अखेर १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. या सोळा वर्षांची किंमत कागदावर नाही, शिधापत्रिकेवर आहे. अन्न सुरक्षा कायद्याचा महाराष्ट्राचा कोटा सात कोटी लोकांचा आहे, आणि तो २०११ च्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येवरून ठरला आहे. राज्याची लोकसंख्या आज अंदाजे साडेबारा कोटींच्या पुढे आहे. २०११ नंतर जन्मलेलं पोर, नंतर वेगळं झालेलं घर, नवऱ्याने टाकलेली बाई, या सगळ्यांना रेशन दुकानात एकच उत्तर मिळतं: कोटा संपला. विधिमंडळ आणि लोकसभेतलं महिला आरक्षणही २०२३ च्या घटनादुरुस्तीने पुढच्या जनगणनेला आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवलं आहे. बाईला जागा द्यायची तर आधी शिरगणती हवी म्हणतात. तिने तिसरं मूल जन्माला घालावं, हे सांगताना कुणी कुठल्याही गणतीची वाट पाहिली नाही.

आणि त्या तिसऱ्या मुलाला देणार काय? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. तिसऱ्याला काही नाही. प्रसूती रजेचा कायदा दोन मुलांपर्यंत सव्वीस आठवडे देतो, तिसऱ्याला बारा. तीही नोकरदार बाईला. फडातली बाई बाळंत झाली की काही दिवसांत पुन्हा कोयता हाती घेते आणि लेकरू उसाच्या पाचटावर, साडीच्या झोळीत असतं. तिच्या पहिल्या दोन लेकरांच्या रक्ताची सोय ज्या राज्याला करता आली नाही, त्या राज्यात तिच्याकडे तिसरं मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. भागवतांना नाही, नायडूंना नाही, स्टॅलिनना नाही, आणि दोनच हवीत म्हणून तिला शिबिरात पाठवणाऱ्या माझ्या खात्यालाही कधी नव्हता. किती मुलं, कधी, की मुळीच नको, हे ती ठरवील.

आपलं काम तिला मोजण्याचं आहे, आणि तेही आपण नीट करत नाही. जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारीत असते. तेव्हा गाळप हंगाम ऐन भरात असतो आणि मराठवाड्यातली लाखो माणसं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकातल्या फडांवर असतात. नियमाप्रमाणे त्या दिवसांत ती जिथे आहेत तिथे त्यांची नोंद व्हायला हवी. गावात प्रगणक जाईल तेव्हा दाराला कुलूप असेल, आणि फडावरची कोप कुठल्याच घरयादीत नसते, कारण घरयादी होते तेव्हा तिथे ऊस उभा असतो. अठराच्या आत लग्न झालेली पोरगी, कडेवरचं बाळ, शाळेच्या पटावर नाव असलेला आणि फडात भावंडं सांभाळणारा मुलगा, ही सगळी दोन्हीकडून सुटतात.

हे टाळणं अवघड नाही. कोणती टोळी कोणत्या गटात तोडते आहे हे प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागाला रोज माहीत असतं. स्लिपबॉयच्या हातात पावती असते, वजनकाट्यावर टनाची नोंद असते. उसाचा माग कांडी-कांडीने ठेवणारी यंत्रणा तोडणारणीचा ठेवू शकते. पुण्यातल्या साखर आयुक्तालयाने कारखान्यांकडून टोळ्यांच्या ठिकाणांची यादी मागवावी आणि जनगणना संचालनालयाला द्यावी. प्रत्येक फडासाठी प्रगणक नेमावा, शक्य तिथे बाई नेमावी. मुकादमाला बाजूला उभं करून तिला तिच्या तोंडून विचारावं. २०११ च्या पत्रकात बायकांसाठी लग्नाच्या वेळचं वय, झालेली मुलं, हयात असलेली मुलं असे प्रश्न होते. त्यांची उत्तरं नवऱ्याकडून नकोत, तिच्याकडून घ्यावीत आणि जोडीची नोंद दोन माणसांची म्हणून करावी. २०२६ च्या दिवाळीत टोळ्या बाहेर पडतील, त्याआधी ती यादी हातात हवी.